दरवाजाएवढी काळी

तळ्यात कुणीतरी तंबाखूचा खर्रा थुंकला होता. आरशाच्या काचेचं, बशीएवढं तळं. त्याच्या काठाला प्लॅस्टिकची दोन पिवळी बदकं चिकटवलेली आणि बरोबर मध्यभागी तो लालसर चोथा, अजून ओला. शेजारच्या बोगद्यात कागदी रुमालाचा बोळा कोंबलेला. रुळांवर टोमॅटो सॉसचा ओघळ वाळून काळा पडलेला. एका स्टेशनच्या छपरावर कुणीतरी चावलेला काकडीचा तुकडा ठेवून गेलं होतं. आणि या सगळ्याच्या मागे बर्फाचे डोंगर. खामगावच्या बाहेर, हायवेला लागून, एप्रिलच्या उन्हात, पनीरच्या आणि फिनेलच्या वासात बर्फ. वर हॉटेलची लाल-निळी लुकलुकणारी पाटी: मिनी स्वित्झर्लंड.

मला ओकारी आली. खरंच आली, लिहायचं म्हणून लिहीत नाही. मी हात धुवायच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिले, तर तिथेही खर्राच.

बाबांच्या वाढदिवसाचं जेवण होतं. बुलढाण्याहून मी त्यासाठी आले होते, आणि जेवण झालं की बाबांना माझ्याकडे घेऊन जायचं होतं. दर उन्हाळ्यात ते महिना-दीड महिना माझ्याकडे असतात, घाटावर हवा जरा बरी असते म्हणून. त्यांची पिशवी माझ्या गाडीच्या डिकीत ठेवूनही झाली होती. दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, फोनवर सांगितलं होतं, "तुह्यासाठी सरप्राइज आहे." सरप्राइज हे होतं. आमच्या घरची खेळण्यातली रेल्वे. आईच्या हातची. ती घरी माळ्यावर नीट झाकून ठेवली आहे, असं मला आई गेल्यानंतरच्या वर्षापासून सांगण्यात येत होतं.

"पाह्यलं काय कसं झालं?" दादा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. मी मान डोलावली. वाढदिवस होता.

हॉटेलचा मालक स्वतः आला. तरुण पोरगा, केसांना इतकं तेलकट काहीतरी लावलेलं की बल्ब त्यात दिसत होता. "मॅडम, पह्यले एकदम डल होतं. काळंच काळं. कस्टमरले अपीलच नव्हतं करत. अन् मटेरियलची क्वालिटी नव्हती, सगळ्या भेगा पडलेल्या. मंग आपण पुट्टी मारली, प्रायमर मारला, वरून गालिचा." त्यानं त्या हिरव्या प्लॅस्टिकच्या गवतावर हात फिरवला, आणि त्याच्या बोटाला काहीतरी चिकट लागलं, ते त्यानं पँटीला पुसलं.

माझ्या आईच्या नावावर उभ्या जन्मात कधी सातबारा नव्हता. तिची म्हणावी अशी जी काही जमीन होती, ती त्या गालिच्याखाली आणि त्या पुट्टीखाली होती. मला ती तिथून काढायची होती. आजच, आणि जमलं तर सूप यायच्या आत.

*

त्या रेल्वेचं इंजिन आमच्या घरी आलं तेव्हा मी चौथीत असेन. बाबा एका शाळेत प्रयोगशाळेचे परिचर होते. काचेची नळकांडी धुणं, बेडकांच्या बरण्या पुसणं, वायरी जोडणं, मास्तरांचे प्रयोग फसले की मागच्या दाराने ते नीट करून ठेवणं. तिथले हेडमास्तर निवृत्त होताना घर आवरत होते. त्यांच्या कुणा पाहुण्यानं परदेशातून आणलेला आगगाडीचा संच, पोरांनी मोडून टाकलेला, त्यांनी बाबांना देऊन टाकला. एक काळं इंजिन, तीन डबे, रुळांचे वाकडे तुकडे, आणि एक खोकं. खोक्यावर चित्र होतं: हिरवेगार डोंगर, त्यांच्या माथ्यावर बर्फ, लाल कौलांची घरं, आणि त्या सगळ्यातून चाललेली ही गाडी. बाबा त्या चित्राकडे जेवताना बघायचे. आई म्हणायची, "खोक्याले तोंडी लावता काय?"

इंजिन चालेना. शेजारी रहीमचाचांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. पाणबुड्या मोटारी जाळून आणणाऱ्यांची तिथं रीघ असायची, आणि दुकानाला कायम वार्निशचा आणि जळक्या तांब्याचा वास. चाचांनी ते इंजिन तळहातावर घेतलं आणि हसत सुटले. "हे तं उंदराची मोटर आहे, भाऊ!" पण बायकोच्या शिवणयंत्राचं तेल घालून, भिंगातून बघून, केसाएवढी तार गुंडाळून त्यांनी ती चालू केली. पहिल्यांदा ते इंजिन आमच्या फरशीवर फिरलं तेव्हा त्यातून ठिणगी उडाली आणि एक वास आला, पाऊस यायच्या आधी वीज कडाडल्यावर येतो तसा. तो वास मला पुन्हा कुठल्या घरात आला नाही.

गाडीला देश हवा होता. शेजारच्या गल्लीत एक घर पाडत होते, तिथून बाबांनी सागाचा जुना दरवाजा आणला. कडी-कोयंडा काढला, दोन्ही फळ्या जोडल्या, आडवा करून बाजेवर ठेवला. मधल्या खोलीत आता दरवाजा आडवा झोपलेला आणि आम्ही भिंतीला घासून ये-जा करणार. येणारा-जाणारा म्हणे, घरात दरवाजा झोपवणं अशुभ. आई म्हणे, उभा होता तवा तरी आमच्यासाठी कोण उघडत होतं.

मग सुरू झाले वास. लोकांना वाटतं आठवणीतले वास म्हणजे चाफा आणि मोगरा. आमच्या त्या दिवसांचा वास सरसाचा होता. रूळ चिकटवायला डालड्याच्या डब्यात सरस शिजायचा, आणि जनावराच्या हाडा-कातड्याचा तो उकळलेला दर्प भिंतींत, गोधड्यांत, माझ्या वेणीत जाऊन बसायचा. वर्गात माझ्या शेजारची मुलगी नाक मुरडून सरकून बसली. ती का सरकली, याचा मी वेगळाच अर्थ लावला आणि घरी येऊन रडले, कारण आमच्याकडच्या मुलींना सरकणाऱ्या शेजारणींची तशी सवय असते. आईनं माझी वेणी हुंगली. "सरस आहे बाई, दुसरं काई नाई," ती म्हणाली, आणि त्याच दिवशी तिनं बाबांचा सरसाचा डबा अंगणात भिरकावला.

डोंगर म्हणून मग तिनंच केले. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायच्या बायका घरोघरी. रद्दी भिजवायची, उखळात कुटायची, त्यात भिजवलेली मेथी वाटून घालायची म्हणजे कीड लागत नाही. तसाच तिनं लगदा केला आणि टोपलीवर थापावा तसा विटांवर थापला. आठ दिवस घर कडू-कडू वासानं भरून राहिलं. तो घाट होता, आमचा बुलढाण्याचा. बाबांना टोकदार शिखरं हवी होती. आई म्हणाली, "असे डोंगर म्या कुठं पाह्यले नाई. मी पाह्यले तसेच करीन." आणि तिचे डोंगर बसके झाले, वरून सपाट, कडेला तुटलेले, खरेच.

झाडं गाजरगवताची. ते वाळलं की त्याच्या फुलांचा झुपका हुबेहूब लांबून दिसणाऱ्या बाभळीसारखा दिसतो. आम्ही भावंडं नाल्याकाठून ते उपटून आणायचो आणि मग रात्रभर हात खाजवायचो. रुळांखालची खडी आम्ही रस्त्याच्या कामावरून आणली आणि पिठाच्या चाळणीनं चाळली. त्यानंतर पंधरा दिवस भाकरीत कचकच लागत होती आणि कुणीच कारण विचारत नव्हतं. तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापसाची जिनिंग मिल झाली. तिच्या दारात खऱ्या रुईचे, गोणपाटात शिवलेले काड्यापेटीएवढे गठाण. बाबांनी एका पत्र्यावर बारीक अक्षरात 'जलंब' लिहिलं, दुसऱ्यावर 'खामगाव', झाली दोन स्टेशनं. आमच्या गाडीला तेवढाच प्रवास ठाऊक होता.

राहिली जमीन. बाबांनी शाळेतून हिरवा रंग आणला, बरणीभर. खोक्यावरच्या चित्रासारखा. आणि नेमकी त्याच दिवशी आई माहेराहून परतली. माहेर देऊळघाटचं. एसटीतून उतरली ती डोक्यावर पोतं घेऊन. बाबांना वाटलं ज्वारी असेल. तिनं पोतं त्या दरवाजावर उलटं केलं आणि आमचे जलंब-खामगाव दोन्ही मातीत बुडाले. काळी कुळकुळीत, ओलसर, ढेकळांची माती.

"हे काय वं?" बाबा म्हणाले.

"काळी," आई म्हणाली.

आमच्याकडे गावाचे दोन भाग सांगतात. घरं असतात ती पांढरी, आणि पिकते ती काळी. काळी आणि पांढरी मिळून गाव. आईच्या माहेरच्यांना पांढरीत जागा होती, तीही अगदी कडेला, पाणी वाहून जातं तिथं. काळी नव्हती. ती लहानपणापासून दुसऱ्यांच्या वावरात निंदायला, वेचायला गेली. लग्न होईपर्यंत तिची बोटं त्या मातीतच होती, पण संध्याकाळी बांधावर पाय झटकूनच घरी यायचं, अशी वावराच्या मालकिणीची सक्त ताकीद होती. आमची माती नेऊ नका गं, असं ती बाई हसत हसत म्हणायची म्हणे. ऐकूनच माझ्या अंगावर काटा येतो. आई मात्र ते सांगताना नक्कल करायची आणि हसायची.

"चोरून आणली काय?" बाबांनी घाबरून विचारलं.

"चोरून कायची? वीस वर्षं पाय झटकले म्या त्याईच्या बांधावर. तेवढी वापस आणली."

बाबांनी हिरव्या रंगाची बरणी खाटेखाली सरकवली. त्यांना वाईट वाटलं होतं, हे मला कळलं होतं. पण आईपुढे ते कधी बोलले नाहीत. सरस मिसळू, निदान माती घट्ट तरी बसेल, एवढं त्यांनी सुचवून पाहिलं. आई म्हणाली, "जित्या मातीत मेलेल्या जनावराचं कातडं कायले?" तिनं दरवाजाच्या चारी कडांना पट्ट्या ठोकून घेतल्या आणि माती तशीच पसरली, नुसता पाण्याचा हबका मारून. आत बी-बियाणं, किडे-मुंगळे जे असेल त्यासकट. रेल्वे बनवणाऱ्या जगातल्या कुठल्याच माणसानं अशी चूक केली नसेल.

*

त्यामुळे आमच्या रेल्वेला ऋतू होते.

उन्हाळ्यात ती जमीन तडकायची. पत्र्याच्या छपराखाली खोली तापली की काळी आपली ओढून घ्यायची स्वतःला, आणि जलंब सोडल्यावर लगेच एक भेग पडायची, माझं बोट जाईल एवढी. रूळ उचलले जायचे. गाडी यायची, थरथरायची आणि आडवी व्हायची. बाबा चरफडत रुळांखाली काड्या सारायचे. आई पदरानं वारा घेत बघत असायची. "वखरून घ्या एकडाव," ती म्हणायची, आणि चमच्यानं खरंच वखरायची. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, गल्लीतली सगळी पोरं गाडी बघायला यायची, तेव्हा भेगा शेणामातीनं लिंपून ठेवाव्या लागायच्या, आणि खोलीत शेणाचा, मेथीचा आणि पोरांच्या घामाचा असा काही वास कोंडायचा की रहीमचाचा दारातूनच ओरडायचे, "भाभी, रेल खेत में काहे को चलाते जी?"

पावसाळ्यात छप्पर एका कोपऱ्यात गळायचं, नेमकं खामगाव स्टेशनावर. माती फुगायची. आणि एका सकाळी जिनिंगच्या मागे हिरवे ठिपके दिसले. दोन दिवसांत पानं फुटली. तरोटा, पावसात उगवणारा टाकळा. गाडी तरोट्यात अडकून बसली, चाकं फिरताहेत आणि इंजिन जागचं हलत नाही. बाबा उपटायला निघाले तर आईनं हात धरला. तिनं तो तरोटा आठवडाभर वाढू दिला. मग निवांत मांडी घालून, एकेक देठ खुडून, लसूण-मिरचीची फोडणी देऊन त्याची भाजी केली. प्रत्येकाच्या भाकरीवर चिमूटभर आली. "माह्या वावरातली," ती म्हणाली. त्या दिवशी तिच्या तोंडावर जे होतं, ते मी नंतर तिच्या तोंडावर फार वेळा पाहिलं नाही. माझ्या लग्नातसुद्धा नाही.

हिवाळ्यात उंदीर. मेथीला कीड लागत नाही, पण हे उंदराला कोण सांगणार. एकदा मी बोगद्यात हात घातला आणि बोटांना काहीतरी गरम, गुळगुळीत, हलणारं लागलं. रुईच्या गठाणांचं अंथरूण करून उंदरीण व्याली होती. ती गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं बघून मी दोन दिवस जेवले नाही. आईनं ती सुपात घालून बाहेर नेऊन ठेवली आणि हात धुऊन पुन्हा वेचणीला बसली. कारण हिवाळा म्हणजे कपाशी. तुरीच्या काडीचे तुकडे मातीत खोचून, प्रत्येकाच्या शेंड्यावर रुईचा कण चिकटवून तिनं पऱ्हाटीची ओळच्या ओळ उभी केलेली असायची, आणि मी चिमट्यानं ती वेचायची. तिच्या वावरात मजूर मीच. वर पुन्हा सांगायची, "पाय झटकू नको बरं. न्यायची तेवढी ने."

ते घर, तो वास, ते पत्र्यावरचं ऊन, काहीच उरलं नाही. पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. दादानं मोबाइलचं दुकान टाकलं. रहीमचाचा गेले, त्यांच्या दुकानात आता कुणीतरी पिझ्झा विकतं. मी लग्न होऊन बुलढाण्याला गेले, दवाखान्यात नोकरीला लागले. सणावारी यायची तेव्हा दरवाजा मधल्या खोलीतच असायचा. गाडी चालत नसली तरी आई मातीवर पाण्याचा हबका मारायची, तुळशीला घालावं तसं रोज. तीन वर्षांपूर्वी ती गेली. तेराव्याबिराव्याचं काही आमच्यात नाही. परित्राणपाठ झाला, लोक गेले, आणि मीही कामाच्या ओढीनं लगेच परत गेले. निघताना दरवाजाकडे बघितलं होतं. माती कोरडी होती.

*

सूप आलं. मक्याचं, आणि मक्यापेक्षा मैद्याचं जास्त. शेजारच्या टेबलावरचं पोरगं आमच्या गाडीच्या डब्यात शेंगदाणे भरत होतं आणि त्याची आई त्याचे फोटो काढत होती. बाबांना मालकानं गळ्यात झेंडूचा हार घातला आणि बटण दाबायला लावलं. गाडी सुरू झाली. आवाज तोच होता. फक्त त्याच्यावर एका भोंग्यातून परदेशी पिपाणी वाजत होती. बाबांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्यांनी माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मालकाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, हे आमचं आहे, मला परत न्यायचं आहे.

वाटलं होतं, तो भांडेल. मला भांडायचंच होतं. तो म्हणाला, "घेऊन जा ना मॅडम. तसंबी इथं वॉटरफॉल कराचा चालूच आहे. टेम्पो बोलावू काय?" आणि एका पोऱ्याला हाक मारून कामालासुद्धा लागला. इतकी आपली किंमत. म्हणजे ज्याच्यासाठी आईच्या मातीवर पुट्टी फासली, ते यांना लवकरच भंगारात टाकायचंच होतं. त्याच्या त्या मोकळ्या, हसऱ्या तोंडाची मला सगळ्यात जास्त किळस आली.

टेबलावर येऊन मी दादाला सुनावलं. "तुले लाज नाही वाटली? आईची माती होती ते. तू इकून टाकली?"

दादानं चमचा खाली ठेवला. "इकली नाही मी. अन् देली बी नाही." त्यानं बाबांकडे पाहिलं. "सांगा ना बाबा आता. मलेच आयकून घ्या लागते सगळं."

बाबा हाराची फुलं चाळवत होते. "मी देली," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"हाव. मीच यायच्याकडे आलो होतो. खोकंबी घेऊन आलो. म्हटलं, चित्रात हाये तसं करा. माती दिसाले नको."

मी त्या बर्फाकडे पाहिलं. टोकदार शिखरं. लाल कौलं. सगळं त्या खोक्यावरचं. मला वाटलं होतं की हे घाणेरडं सगळं कुणा परक्याच्या डोक्यातून आलं आहे. ते आमच्याच घरातून, खाटेखालच्या बरणीतून आलं होतं.

"एवढंच हिरवं पाहिजे होतं तुम्हाले?" मी म्हटलं. आवाज चढला होता. शेजारचं टेबल आमच्याकडे बघत होतं. "तिची एवढीशी काळी होती, बाबा. एका दरवाजाएवढी. तेवढीबी झाकून टाकली?"

"हिरव्यासाठी नाही वं माय," बाबा म्हणाले. वेटर पापड ठेवून गेला. "तू बुलढाण्याले. हा दुकानात. दिवसभर घरात मी अन् थे. तुही माय होती तवा थे मले वावर दिसे. खोटं नाही सांगत, वावरच दिसे. ती गेली अन् नुसती माती दिसाले लागली. कोरडी. भेगा पडलेली." त्यांनी हार काढून टेबलावर ठेवला. "एकडाव गेलो ना मी तिच्या मातीले. आता रोज रोज घरात बसून किती डाव जाऊ?"

आमच्याकडे कुणी गेलं की मातीला जातात. शब्द तोच. इतकी वर्षं तो माझ्या कानावर होता आणि मला तो ऐकू आला नव्हता. दादा पाण्याचा ग्लास फिरवत राहिला. पिपाणी वाजत होती. कुणीतरी गाडी बंद केली.

"पाणी मारायचं होतं, बाबा," मी म्हटलं.

"कोणासाठी?" ते म्हणाले.

जेवण आलं, आम्ही जेवलो. पनीर रबरासारखं होतं आणि ते आम्ही तिघांनीही संपवलं, कारण आमच्या घरात ताटात टाकत नाहीत. हात धुऊन आले तर टेम्पो दारात लागलेला होता आणि दोन पोरं भिंतीपासून दरवाजा सुटा करत होती. पहारीचा दणका बसला तसा पुट्टीचा पोपडा उडाला. खालची माती दिसली. इतकी वर्षं, इतका रंग, आणि ती तशीच काळी होती. मी हात लावला नाही. माझ्या हाताला अजून त्या तेलकट रश्श्याचा वास होता.

बाबा माझ्यामागे येऊन उभे होते. "घरी नेतं काय थे? दादाकडे?"

"नाही. माह्याकडे. बुलढाण्याले."

"ने," ते म्हणाले. "तुह्या मायचं आहे, तुहा हक आहे." मग शांतपणे, संध्याकाळी जेवायचं नाही असं सांगावं तसं म्हणाले, "पण मंग मी नाही येत. मले त्या घरात बलावू नको आता."

"या उन्हाळ्याचं म्हणता काय?"

"नाही."

मी त्यांना समजावलं. वेगळ्या खोलीत ठेवीन, कुलूप लावीन, वर गोधडी टाकीन, तुम्हाला दिसणारही नाही. ते मान हलवत राहिले. रागानं नाही. ज्याचं त्याला माहीत असतं तशी. दादा म्हणाला, "काऊन जिद करून राह्यली तू? राहू दे ना इथंच. मातीच तं आहे. म्हातारा माणूस मोठा की माती मोठी?" हा प्रश्न त्यानं मला अगदी खरा विचारला होता आणि त्याचं उत्तर सगळ्या जगाला माहीत आहे. मलाही होतं. टेम्पोवाला विचारत होता, मॅडम, भरायचं की उतरवायचं.

पोरांनी दरवाजा आडवा केला तेव्हा ती बदकं निखळली आणि तळ्याची काच फुटली, त्या चोथ्यासकट. मला त्याचं बरं वाटलं. बर्फाचं एक शिखर तुटून पायरीवर पडलं. मालक ते उचलून हसत म्हणाला, "फेविक्विकनं बसून जाईन मॅडम." मी त्याच्याकडे पाहिलं तसा तो आत गेला.

"भरा," मी म्हटलं.

बाबा तोपर्यंत माझ्या गाडीपाशी गेले होते. त्यांना डिकी उघडता येत नव्हती. मी जाऊन उघडली. त्यांची पिशवी काढली: दोन सदरे, लुंगी, औषधं, दाढीचं सामान, आणि माझ्या मुलासाठी घेतलेले भाजके फुटाणे. फुटाणे त्यांनी माझ्या हातात दिले. पिशवी मी स्वतः उचलून दादाच्या गाडीत नेऊन ठेवली. ते पुढच्या सीटवर बसले आणि पट्टा लावायची खटपट करत राहिले. मी वाकून पट्टा लावून दिला. त्यांनी नेहमीसारखा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला त्यांचा राग आला, त्यांची दया आली आणि त्या हॉटेलची, त्या पाटीची, माझ्या हाताला लागलेल्या वासाचीही पुन्हा शिसारी आली. पण टेम्पो मी परत पाठवला नाही.